मारुतीच्या कमरेला पाणी

पावसाळ्यात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की नाशकात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: मारुतीला पाणी कुठवर लागलं? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमच्या गावाचं पूरमापक. किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे मोबाइलवर कळतं, पण त्या आकड्यानं नाशिककराचं समाधान होत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं तर लोक बघायला जातात. कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. छातीशी आलं की सराफ बाजारातले दुकानदार खालचा माल वर चढवायला लागतात. २००८ च्या सप्टेंबरात आणि पुढे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या शहरानं पूर असाच मोजला. मारुती किती बुडाला, एवढंच विचारायचं. पुढचं आपोआप समजतं.

मी बरीच वर्षं मुलांना इंग्रजी शिकवते आहे. व्हेरी, सो, सच, टू आणि इनफ या पाच शब्दांपाशी आमच्या मुलांची गाडी हमखास अडते. हुशार मुलांचीही अडते, पदवीधरांचीही अडते. सूत्रं फळ्यावर लिहून झाली, पाठ करून घेऊन झाली, तरी तोंडातून ‘सो बिग हाउस’ आणि ‘टू ब्यूटिफुल’ येतंच. शेवटी एका पावसाळ्यात मी फळ्यावर मारुती काढला आणि त्याच्या अंगावर पाण्याच्या रेघा मारल्या. त्या दिवशी जे समजलं ते सूत्रांनी कधी समजलं नव्हतं, मुलांना आणि मलाही.

एकाच पुराबद्दल पाच वाक्यं घेऊ. ‘द वॉटर इज व्हेरी हाय.’ पाणी खूप चढलं आहे. हे नुसतं माप झालं. त्यामुळे काय घडलं, ते बरं की वाईट, याबद्दल बोलणारा काही सांगत नाही. ‘द वॉटर इज सो हाय दॅट दे हॅव क्लोज्ड द ब्रिज.’ पाणी इतकं चढलं आहे की पूल बंद केला. इथे मापाला परिणामाची शेपटी जोडली. ‘इट इज सच अ बिग फ्लड दॅट दे हॅव क्लोज्ड द ब्रिज.’ असा मोठा पूर आलाय की पूल बंद केला. परिणाम तोच, पण बोट आता पाण्याच्या उंचीवर नाही, पूर या वस्तूवर आहे. ‘द रिव्हर इज टू हाय टु क्रॉस.’ नदी ओलांडण्यापलीकडे चढली आहे. इथे एक हद्द होती आणि पाण्यानं ती मोडली. आणि ‘द वॉटर इज हाय इनफ टु टच मारुतीज वेस्ट.’ मारुतीच्या कमरेला लागण्याइतकं पाणी आलं आहे. इथेही एक रेघ आहे, पण पाणी तिच्यापर्यंत पोचलं, एवढंच.

आता हीच पाच वाक्यं रविवार कारंज्यावर उभा राहून एखादा माणूस मराठीत कशी बोलेल? ‘पाणी खूप आहे.’ बहुतेक वेळा एवढ्यात सगळं भागतं. कुणाला सांगतो आहे, कोणत्या सुरात सांगतो आहे, भुवया किती वर गेल्या आहेत, यावरून ऐकणाऱ्याला पाचांपैकी काय ते कळतं. चहाचा पहिला घोट घेऊन कुणी ‘खूप गोड झालाय’ म्हणालं तर ती तक्रार आहे. शेजारच्या बाळाला कडेवर घेऊन ‘खूप गोड आहे हो’ म्हटलं तर ते कौतुक आहे. शब्द तोच, ‘खूप’. फरक सुरात आणि प्रसंगात. मराठी इथे अपुरी आहे असं मुळीच नाही. ती हे काम सुरावर सोपवते, इंग्रजी ते शब्दावर सोपवते. आमचं मूल इंग्रजीत बोलताना ‘खूप’च्या जागी हाताला लागेल तो शब्द ठेवतं आणि सूर आपलं काम करील अशी आशा धरतं. लिहिताना तर सूर नसतोच.

सगळ्यात महाग पडतो तो ‘टू’, दोन ‘ओ’वाला. आपल्याकडे तो कौतुकाचा शब्द झाला आहे. सिनेमा ‘टू गुड’, मिसळ ‘टू टेस्टी’, मैत्रीण ‘टू स्मार्ट’. आपसात हे चालतं, कारण ऐकणाराही आपलाच असतो. पण समजा, निफाडकडच्या एखाद्या बागायतदारानं रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पत्र लिहिलं, ‘अवर ग्रेप्स आर टू स्वीट.’ त्याला म्हणायचं आहे, आमची द्राक्षं फार गोड आहेत, घेऊन बघा. वाचणारा समजेल की माल बिघडला आहे, गोडी प्रमाणाबाहेर गेली आहे आणि माणूस प्रामाणिकपणे आधीच कबुली देतो आहे. वर्षभर खपून, ऑक्टोबरात गोडी छाटणी करून, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स मोजून आणलेली ती गोडी एका ‘टू’ने दोषाच्या खात्यात जाते. ‘व्हेरी स्वीट’ लिहिलं असतं तर काम झालं असतं. नोकरीच्या अर्जासोबतच्या शिफारसपत्रात ‘ही इज टू ऑनेस्ट’ लिहिणंही तसंच. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या प्रामाणिकपणानं कुठेतरी काम अडलं असणार.

या ‘टू’साठी मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो आपण विसरतो याचं मला वाईट वाटतं. तो शब्द ‘अति’. अति तिथे माती, ही म्हण म्हणजे ‘टू’चा अख्खा धडा आहे. अतिशहाणा म्हणजे खूप शहाणा नव्हे, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्याला ‘टू क्लेव्हर’ शिकवताना ‘खूप हुशार’ असं भाषांतर देऊ नका, ‘अतिशहाणा’ द्या. परत सांगावं लागत नाही. वाक्यातला दुसरा मराठी मार्ग म्हणजे ‘जास्तच’. नुसतं ‘जास्त’ नव्हे, शेवटच्या ‘च’सकट. ‘मीठ जास्तच पडलंय.’ तो ‘च’ हद्द मोडल्याची खूण आहे.

इंग्रज माणूस ‘यू आर टू काइंड’ म्हणून आभार मानतो तेव्हा काय, असं एका मुलीनं मला विचारलं होतं. प्रश्न चोख होता. तिथेही हद्द आहेच. माझी जेवढी लायकी होती तिच्यापलीकडे तुम्ही चांगुलपणा दाखवलात, असा त्या बोलण्याचा नम्र भाव. आणि नकारासोबत आला की ‘टू’ मवाळ होतो. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे फार वाईट नाही, बरंच म्हणायचं.

शाळेत या शब्दाचं जे होतं ते मला पटत नाही. ‘रिमूव्ह टू’ नावाचा एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत येतो. ‘टू’ काढा, त्या जागी ‘सो’ घाला, पुढे ‘दॅट’ जोडा, मग ‘कॅनॉट’. मुलं ते यंत्रासारखं करतात आणि गुण मिळवतात. पण त्या अदलाबदलीत काय घडलं हे त्यांना कुणी विचारत नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडतो तेव्हा शेतकरी काय म्हणतो? ‘भाव इतका पडलाय की काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही.’ हे ‘सो’चं वाक्य झालं, परिणाम उघड सांगणारं. ‘द प्राइस इज टू लो टु कव्हर द लेबर’ यात तोच नकार ‘टू’च्या पोटात आहे. ‘नॉट’ दिसत नाही, तरी आहे. ‘टू’ हा गुपचूप नाही म्हणणारा शब्द आहे, एवढं एकदा कळलं की ते रूपांतर पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं. मराठीत तर आपण नेहमी ‘इतका… की… नाही’ असंच बोलतो. म्हणजे परीक्षेतलं उत्तर मुलाच्या तोंडात आधीपासून असतं, प्रश्नच परका असतो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पुढे ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा थट्टेचा शब्द झाला, पण मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्याकडे जायची त्यांची वाट या पाच शब्दांपुरती तरी आजही सगळ्यात जवळची आहे. २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. ते यायला हवं होतं असंच माझं मत आहे. मात्र इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभं करायचं ही जी रीत काही ठिकाणी पडली, तिनं मुलांचं नुकसान केलं. कारण ‘सो’ आणि ‘सच’ यांतला फरक मराठीइतका स्वच्छ दाखवणारा आरसा दुसरा मिळणं कठीण.

तो आरसा म्हणजे ‘इतका’ आणि ‘असा’. ‘सच’ची व्युत्पत्ती पाहा. जुन्या इंग्रजीत तो दोन तुकड्यांचा शब्द होता. पहिला तुकडा म्हणजे आजचा ‘सो’, आणि दुसरा ‘लिक’, ज्याचा अर्थ देह किंवा रूप. म्हणजे ‘सच’ हा मुळात ‘असं रूप असलेला’. आपला ‘असा’, ‘असला’, ‘तसला’ हेच करतात. रूप वस्तूला असतं, म्हणून ‘सच’ला वस्तू लागते, नाम लागतं. ‘सो’ रूपाचा नाही, मात्रेचा शब्द आहे, आपल्या ‘इतका’सारखा. त्याला गुण लागतो. ‘सो हाय’, ‘सो स्वीट’, ‘सो क्विकली’. त्याचा हात विशेषणापर्यंत पोचतो, पलीकडच्या नामापर्यंत पोचत नाही.

मग चूक होते कुठे? मराठीत ‘इतका’ला हे बंधन नाही. ‘पूर इतका मोठा होता’ आणि ‘इतका मोठा पूर’ दोन्ही आपण सहज म्हणतो. त्यामुळे मूल ‘सो बिग फ्लड’ लिहितं. तिथे ‘सच अ बिग फ्लड’ हवं. आणि त्या मधल्या ‘अ’ची आठवण वेगळी ठेवावी लागते, कारण मराठीत तो नाहीच. माझा उपाय साधा आहे. विशेषणानंतर नाम आलं की मराठी वाक्यात ‘इतका’च्या जागी ‘असा’ घालून बघायचं. ‘असा मोठा पूर’, ‘अशी गोड द्राक्षं’, ‘असा धो धो पाऊस’. कानाला बरं वाटलं की इंग्रजीत ‘सच’. नाम अनेकवचनी असेल किंवा मोजता न येणारं असेल तर ‘अ’ गळतो: ‘सच स्वीट ग्रेप्स’, ‘सच हेवी रेन’. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. मेनी, मच, फ्यू आणि लिटल हे चौघं किती आहे हेच सांगतात, म्हणून त्यांच्यापुढे नाम असलं तरी ‘सो’च लागतो. सिंहस्थात रामकुंडावर ‘सो मेनी पीपल’ असतात. तेच ‘सच अ लॉट ऑफ पीपल’ म्हटलं तरी बरोबर, कारण ‘लॉट’ हे नाम आहे.

‘सो’ कधी कधी शेपटीशिवायही येतो. ‘आय ॲम सो हॅपी!’ मग ‘दॅट’ कुठे गेला? तो बोलणाऱ्यानं गिळला. आपणही गिळतो. ‘इतका आनंद झाला म्हणून सांगू!’ असं म्हणतो आणि सांगत काहीच नाही. बोलण्यात ही अर्धी राहिलेली वाक्यं फार गोड लागतात. अर्जात, अहवालात मात्र वाचणारा उरलेल्या अर्ध्याची वाट बघत बसतो, म्हणून तिथे ‘व्हेरी’ बरा.

‘इनफ’ची गोष्ट थोडक्यात. मराठीत ‘पुरेसा मोठा’ असा क्रम आहे, म्हणून मुलं ‘इनफ बिग’ लिहितात. इंग्रजीत विशेषण आधी आणि ‘इनफ’ मागून: ‘बिग इनफ’. नाम असेल तर मात्र तो पुढे येतो: ‘इनफ वॉटर’. लक्षात ठेवायला मी मराठीतलं दुसरं रूप देते: ‘मोठा पुरेसा’ कुणी म्हणत नाही, पण ‘पुरेल इतका’ आणि ‘ओलांडण्याइतका’ यांतलं ‘इतका’ शेवटीच येतं. त्या शेवटच्या ‘इतका’ची जागा म्हणजे ‘इनफ’ची जागा.

‘व्हेरी’ सगळ्यांत सोपा वाटतो आणि म्हणूनच तो कुठेही घुसतो. त्याला क्रियापद चालत नाही. ‘मला खूप आवडतं’ यातलं ‘खूप’ क्रियापदाला लागलेलं आहे, तिथे ‘आय व्हेरी लाइक’ होत नाही, ‘आय लाइक इट व्हेरी मच’ म्हणावं लागतं. तुलना आली की त्याचं राज्य संपतं आणि ‘मच’चं सुरू होतं. ‘नाशिकपेक्षा पुणे खूप मोठं आहे’ यात ‘व्हेरी बिगर’ नाही, ‘मच बिगर’. मराठीत ‘मोठा’ला तुलनेचं वेगळं रूप नाही, ‘पेक्षा’नं भागतं, म्हणून ‘खूप’ दोन्हीकडे तसाच राहतो आणि आपण फसतो.

हे शब्द मुळात मोजमापाचे नव्हतेच. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘खरा’. आपला ‘खूप’ म्हणजे फारसीतला ‘खूब’, अर्थात ‘चांगला’. खरं आणि चांगलं हे दोन वजनदार शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले की आता त्यांच्यात फक्त ‘पुष्कळ’ एवढाच अर्थ उरला. जोर देणाऱ्या शब्दांचं असंच होतं. ते झिजतात, मग माणसं नवे शोधतात. इंग्रजीत भीतीचे ‘ऑफुली’ आणि ‘टेरिबली’ कौतुकाला जुंपले गेले, आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ आणि ‘भलताच गोड’ आले. रामकुंडावर पोहायला येणारी पोरं ‘लय भारी’ म्हणतात, त्यांच्या आज्या ‘फार छान’ म्हणायच्या.

पण मराठीचं खरं वैभव मला दुसरीकडेच दिसतं, आणि इंग्रजी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत तिथेच आहे. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, थंडगार, कोराकरकरीत. प्रत्येक गुणाचा जोर वेगळा आणि ठरलेला. ‘काळाभडक’ कुणी म्हणत नाही, ‘लालकुट्ट’ कुणी म्हणत नाही. याचा नियम कुणी शिकवलेला नसतो, कान शिकवतो. इंग्रजीतही अगदी अशीच जोडीची माणसं आहेत. गाढ झोपलेला ‘फास्ट अस्लीप’ असतो, टक्क जागा ‘वाइड अवेक’. कोरंकरकरीत ते ‘ब्रँड न्यू’, काळाकुट्ट अंधार तो ‘पिच डार्क’. कडाक्याची थंडी ‘बिटर’ असते. इथे ‘व्हेरी’ घालणं म्हणजे काळाकुट्टला ‘खूप काळा’ म्हणणं. चूक नाही, पण फिकं. आणि ‘व्हेरी अस्लीप’ तर चूकच. ज्या मुलाला ‘काळाभडक’ ऐकून हसू येतं त्याच्याजवळ इंग्रजीतली ही जोडपी ओळखायचा कान आधीच आहे. त्याला फक्त सांगायला हवं की तिकडेही असंच असतं, शब्द सुटा शिकू नकोस, जोडीनं शीक.

याच कारणानं ‘व्हेरी एक्सलंट’ खटकतं. ‘एक्सलंट’मध्ये शिखर आधीच गाठलेलं आहे, वर आणखी चढायला जागा नाही. रिकामा हंडा ‘खूप रिकामा’ नसतो, ‘अगदी रिकामा’ किंवा ‘रिकामाच’ असतो. अशा टोकाच्या शब्दांना इंग्रजीत ‘ॲब्सोल्युटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ लागतात. आपल्या ‘अगदी’चं काम ते करतात.

उरतात ते मधले, संकोची शब्द. ‘क्वाइट’ दुतोंड्याच आहे. इंग्लंडमधल्या माणसानं ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर बहुधा तो ‘बरं आहे’ म्हणतो, अमेरिकन म्हणाला तर ‘छानच आहे’. तोच ‘क्वाइट’ टोकाच्या शब्दापुढे आला, ‘क्वाइट एम्प्टी’, की दोन्हीकडे अर्थ ‘अगदी’ होतो. माझी मुलं त्याला टाळतात, आणि मी त्यांना टाळू देते.

‘फेअरली’ आणि ‘रादर’ मात्र टाळू देत नाही, कारण त्यांच्यात बोलणाऱ्याचं मन दिसतं. दोघांचंही माप मध्यमच. पण ‘फेअरली’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’, मनासारखं. ‘रादर’ बहुतेकदा ‘जरा जास्तच’, थोडं खुपणारं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की मुंबईहून गंगापूर धरणाच्या काठी मुक्कामाला आलेली माणसं शाली लपेटून म्हणतात, ‘फेअरली कोल्ड!’ गव्हाचा शेतकरीही खूष असतो, त्याला ही थंडी ‘कोल्ड इनफ’. द्राक्षवाला पहाटे उठून बागेत येतो, घडांवरून हात फिरवतो आणि आधी ‘रादर’वर असतो. पारा आणखी उतरला तर मण्यांना तडे जाणार. मग तो बांधावर पालापाचोळ्याची शेकोटी पेटवतो, ठिबकचं पाणी सोडतो आणि बायकोला म्हणतो, ‘थंडी जास्तच झाली गं.’

त्या ‘च’चं इंग्रजी काय, हे मी डिसेंबरातल्या पहिल्या तासाला विचारते. दिंडोरी-निफाडकडची मुलं हात आधी वर करतात.